८४ फ्लॅट, दिवसाआड पाणी, महिन्याला ७५ टँकर : पाणी जातंय कुठे?

कारभारी_रहाटणी

नमस्कार मंडळी. रहाटणीतली सोसायटी, दोन विंग, पार्किंगवर अकरा मजले. एकूण ८४ फ्लॅट, त्यातले निम्मे वन बीएचके, निम्मे टू बीएचके. राहणारी माणसं साधारण ३००. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे हे इथल्यांना सांगायला नकोच. आमच्याकडे ते पहाटे चारच्या सुमारास येतं. मीटरवर दर पाळीला सरासरी ५८,००० लिटर पडतं, म्हणजे रोजचं २९,०००.

उरलेलं टँकरने. दहा हजार लिटरचे महिन्याला ७५ टँकर, एकाला १,१०० रुपये, म्हणजे ८२,५०० रुपये. सध्या ते ८४ घरांत समान वाटतो, फ्लॅटमागे ९८२ रुपये. एवढं करूनही ए विंगला सकाळी नवाच्या पुढे नळ कोरडे.

सप्टेंबरात वार्षिक सभा आहे आणि तीन गट पडलेत. एकाला नवीन बोअर पाहिजे, दुसऱ्याला घरटी मीटर, तिसरा म्हणतो टँकर वाढवा आणि वर्गणी घ्या. माझा प्रश्न एवढाच की यातलं काहीही करण्याआधी, फारसा खर्च न करता, पाणी कुठे मुरतंय हे शोधायची पद्धत कोणती? जमिनीखालची टाकी आतून ७.५ मीटर × ५ मीटर, पाण्याची उंची २.१ मीटर. गच्चीवर प्रत्येक विंगला ५ × ३ मीटरची एक टाकी, पाणी १.८ मीटरपर्यंत.

वॉल्व्हमन

मापं दिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण "टाकी मोठी आहे" एवढंच सांगतात.

आधी हिशेब बघा. तुमचा वापर रोजचा २९,००० अधिक २५,०००, म्हणजे ५४,००० लिटर. माणशी १८० पडले. पाणीपुरवठ्याचं नियोजन होतं ते माणशी १३५ लिटरने, त्यात संडासचा फ्लशही धरलेला असतो. १३५ ने तुम्हाला ४०,५०० लागायला हवेत. रोजचे साडेतेरा हजार जास्त जातायत. ही काही लोकांच्या उधळेपणाची गोष्ट नाही. बादलीभर जास्त पाण्याने आंघोळ करून एवढा फरक पडत नाही.

आता टाकीचीच मोजपट्टी करा. खालच्या टाकीचं क्षेत्रफळ ३७.५ चौरस मीटर, म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर हलली की ३७५ लिटर. गच्चीवरची टाकी १५ चौरस मीटर, तिथे १ सेंटिमीटर म्हणजे १५० लिटर. आत खांब किंवा मधली भिंत असेल तर तेवढं क्षेत्रफळ वजा करा. पट्टी तळाला टेकवून मोजू नका, तळाशी गाळ असतो आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. मॅनहोलच्या काठावर एका जागी ऑइलपेंटची खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतची रिकामी उंची स्टीलच्या टेपने मोजा.

पहिली तपासणी टँकरची. टँकर यायच्या आधी खालचा पंप बंद, महापालिकेच्या इनलेटचा कॉक बंद. रिकामी उंची लिहा. टँकर पूर्ण सुटू द्या, लाटा शांत व्हायला दहा मिनिटं थांबा, परत मोजा. दहा हजार लिटर खरोखर पडले असतील तर पातळी पावणेसत्तावीस सेंटिमीटर वर यायला हवी. २२ आली तर ८,२५० मिळाले. यात दर वेळी चोरी असतेच असं नाही. टँकर उतारावर उभा केला आणि वॉल्व्ह चढाच्या बाजूला राहिला तर पाचशे-सातशे लिटर पोटातच राहतात. पाइपाची धार बारीक झाली की ड्रायव्हर वॉल्व्ह बंद करून निघतो, तेही एक कारण. वॉचमनला सांगा, धार पूर्ण थांबल्याशिवाय पावतीवर सही नाही.

दुसरी तपासणी रात्रीची. दीड वाजता गच्चीवर जाऊन दोन्ही टाक्यांची रिकामी उंची घ्या, वर चढवणारे पंप बंद ठेवा, पहाटे चारला परत मोजा. त्या अडीच तासांत झोपलेली विंग पाणी वापरत नाही. दहा जण उठून फ्लश करतील, शंभरेक लिटर जातील, म्हणजे टाकीत सेंटिमीटरही नाही. त्याहून जास्त पातळी उतरली तर तेवढं गळतंय.

तिसरी खालच्या टाकीची. सगळं बंद करून सहा-आठ तास. उतरली तर भेग किंवा पाइपाच्या सांध्याची गळती. पण पावसाळ्यात ती आपोआप *वर* येत असेल तर जास्त घाबरा. बाहेरचं पाणी आत झिरपतंय, आणि शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल तर ते कसलं पाणी आहे हे वेगळं सांगायला नको.

एनआरव्हीचंही (पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह) बघून घ्या. पंपाची डिलिव्हरी गच्चीच्या टाकीत वरून सुटत असेल तर एनआरव्ही गळला तरी फक्त उभ्या पाइपातलं पाणी खाली येतं. काही ठिकाणी प्लंबरने पाइप वाचवायला टाकीला खालून जोड दिलेला असतो. मग पंप बंद झाला की अख्खी टाकी हळूहळू खाली परत, आणि तुम्ही तेच पाणी दिवसातून दोनदा चढवताय. विजेचं बिलही मग त्याच हिशेबात येतं.

गच्चीवरची_पागोळी

वॉल्व्हमनच्या यादीत एक राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं तेच असू शकतं. टँकर किती वाजता रिकामे करता? खालची टाकी ७८,७५० लिटरची. महापालिकेचं पाणी पहाटे चारला. आदल्या संध्याकाळी दोन टँकर ओतले असतील तर पहाटे टाकीत जागाच कमी. फ्लोट वॉल्व्ह बंद होतो आणि जवळजवळ फुकटातलं पाणी रस्त्याच्या लाइनमध्येच राहतं. मीटरवर ५८,००० पडतात ते महापालिका तेवढंच देते म्हणून, की तुमची टाकी तेवढंच घेते म्हणून?

ओळखायचं कसं? पाणी येतं त्या पहाटे दर पंधरा मिनिटांनी मीटर वाचा. रस्त्याच्या लाइनला पाणी असतानाच काटा थांबला तर टाकी भरलेली आहे. मग टँकरचं वेळापत्रक बदला : पाणी यायच्या आदल्या दुपारपासून टँकर बंद, आणि पहाटे तीनपर्यंत गच्चीच्या दोन्ही टाक्या काठोकाठ चढवून खाली जास्तीत जास्त जागा करून ठेवा. गच्चीच्या टाक्यांत दोन्ही मिळून ५४,००० मावतात. ती जागा कामाला लावा.

याच्या उलटही होतं. फ्लोट वॉल्व्ह बिघडला असेल तर पहाटे टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी थेट पावसाळी गटारात. पाइपाचं तोंड जमिनीखाली गटाराला जोडलेलं असलं तर कोणाला दिसतही नाही. ते तोंड कापून जमिनीपासून वीतभर वर, वॉचमनच्या केबिनसमोर आणा आणि त्यावर जाळी लावा. मग पाणी सुटलं की वॉचमन बघणार, आणि उंदीर-झुरळं टाकीत जायचीही बंद.

आगीसाठीची टाकी या हिशेबात अजिबात धरू नका. तिला घरगुती पंपाची लाइन जोडलेली आढळली तर ती त्याच दिवशी तोडा.

मिस्त्री_नं_१

गच्चीवरची टाकी रात्री उतरली तर दहातल्या नऊ वेळा दोषी फ्लशची टाकी. नळ ठिबकला की दिसतो, आवाज येतो, बाई ओरडते. फ्लश टँक कमोडच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता झिरपतो. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो, आणि झिरपणारा फ्लश तेवढे एका तासात घालवू शकतो.

तपासणी सोपी. टाकीचं झाकण काढायचं, खाण्याचा रंग पाव चमचा टाकायचा, अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचं सील गेलं. पण ओव्हरफ्लोच्या नळीत पाणी पडताना दिसलं, तर बॉलकॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा कॉक) बंद होत नाही. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली असली पाहिजे. फ्लोटचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते.

हे इतक्या घरांत का होतं? टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, जड. सीलच्या काठावर पांढरा थर बसतो आणि रबर नीट टेकत नाही. थर जाड नसेल तर सील काढून व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. कडा लाटेसारखी वाकली असेल तर बदला. एक मात्र लक्षात ठेवा, टाकीचं मॉडेल बघितल्याशिवाय ८४ सील एकदम आणू नका. बिल्डरने दोन टप्प्यांत दोन कंपन्यांचा माल लावलेला असतो, निम्मी सीलं बसत नाहीत. भिंतीतल्या टाकीला पुढची प्लेट काढावी लागते, तिच्या क्लिपा जुन्या झाल्या की तुटतात, म्हणून ते काम घाई न करता.

हे काम सोसायटीने करावं. घरातली गळती सदस्याच्या खर्चाने दुरुस्त करायची हे नियमाने बरोबरच आहे, पण नोटीस लावून कोणी प्लंबर बोलावत नाही. एक प्लंबर दोन शनिवार-रविवार लावा, ए विंग मग बी विंग, वरून खाली. मजुरी आणि सील सोसायटीचं, पूर्ण सेट बदलायचा असेल तर सदस्याचा. एका सीलला एका टँकरपेक्षा कितीतरी कमी पैसे पडतात. त्यावर तत्त्वाचा वाद घालण्यात अर्थ नाही.

आता दाब. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब. अकरा मजल्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तीन किलो येतो. तिथल्या नळाखाली लिटरची बाटली धरा आणि सेकंद मोजा. सहा सेकंदांत भरली तर मिनिटाला दहा लिटर. भांडी घासताना नळ पाच मिनिटं चालू राहिला की पन्नास लिटर. खालच्या मजल्यांच्या लाइनवर पीआरव्ही (दाब कमी करणारा वॉल्व्ह) असेल तर तो दीड ते दोन किलोवर लावा.

पण आधी त्याचा बायपास बघा! पीआरव्हीच्या आतल्या जाळीत वाळू आणि क्षाराचे खडे अडकतात, खालच्या मजल्यांवरून "पाणी बारीक येतंय" म्हणून तक्रार येते, कोणीतरी बायपास उघडतो आणि तो पुढे दोन वर्षं तसाच. जाळी तीन महिन्यांनी धुवायची, बायपासला कुलूप.

बेसिन आणि किचनच्या नळाला मिनिटाला तीन-चार लिटरचे एरेटर (धारेत हवा मिसळणाऱ्या जाळ्या) लावा, पण फक्त नवव्या मजल्यापर्यंत. वरच्या दोन मजल्यांना मुळात दाब कमी, तिथे हे लावले तर नळाला नुसता शेंबूड येतो आणि शिव्या तुम्हाला.

हिशेबनीस_ताई

पैशाची बाजू मी सांगते, कारण सभेत भांडण पाण्यावरून होत नाही, वाटणीवरून होतं.

टँकरचा खर्च हा पाण्याचा खर्च आहे. तुम्ही तो सेवाशुल्कासारखा समान वाटताय, तिथेच चुकतंय. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नियमावलीत) ६७ क्रमांकाखाली वाटणीची पद्धत दिली आहे : सेवाशुल्क सगळ्यांना समान, लिफ्टचा खर्च समान, पण पाणी मात्र फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. समजा तुमच्या वन बीएचकेला पाच आणि टू बीएचकेला सात इनलेट आहेत, सगळे अर्ध्या इंचाचे. ४२ × ५ अधिक ४२ × ७, एकूण ५०४. ८२,५०० भागिले ५०४ म्हणजे एका इनलेटला १६४ रुपयांच्या आसपास. वन बीएचकेला ८१८, टू बीएचकेला १,१४६. इनलेट म्हणजे काय धरायचं (वॉशिंग मशीनचा पॉइंट, गीझरचा पॉइंट) हे मंजूर प्लंबिंग नकाशावरून ठरवा आणि ठरावात लिहा. लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी हाच वाद पुन्हा.

घरटी मीटरवाल्यांना एक प्रश्न विचारा : आपल्या एका फ्लॅटमध्ये पाणी किती वाटांनी येतं? गच्चीवरून प्रत्येक बाथरूमला वेगळा डाउन-टेक (खाली उतरणारा पाइप), किचनला वेगळा, असं असेल तर फ्लॅटमागे तीन-चार मीटर लागतील. ८४ फ्लॅटला २५० ते ३३६ मीटर, आणि तेही डक्टमध्ये (पाइपांच्या उभ्या पोकळीत), जिथे रीडिंग घ्यायला माणूस उतरवावा लागेल. मीटर वाईट नाहीत. नव्या इमारतीत एका फ्लॅटला एकच लाइन असते तिथे ते उत्तमच. पण जुन्या इमारतीत आधी फक्त दोन मीटर लावा, प्रत्येक विंगच्या टाकीच्या मुख्य आउटलेटवर एक. विंगनिहाय आकडा दर महिन्याला लिफ्टशेजारी लावला की पुढचं काम माणसं आपोआप करतात.

सिंकिंग फंडाला टँकरसाठी हात लावू नका. तो मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी. आणि थकबाकीदाराचं पाणी तोडायचा ठराव कोणी आणलाच तर अध्यक्षांनी तो घेऊ नये. वसुलीचा रस्ता सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ चा, तो लांबचा असला तरी टिकतो.

टँकरचं रजिस्टर नवीन करा : तारीख, वेळ, गाडी नंबर, आधीची रिकामी उंची, नंतरची, फरक सेंटिमीटरमध्ये, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), सही. बिल सेंटिमीटरवरच पास करायचं. पुरवठादाराला आधी लेखी कळवा, म्हणजे नंतर वाद नको.

कारभारी_रहाटणी

सगळ्यांचे आभार. मोजमाप केलं, आकडे देतो.

तीन टँकर मोजले : २२.५, २३ आणि २६ सेंटिमीटर. म्हणजे अंदाजे ८,४४०, ८,६२५ आणि ९,७५० लिटर. सरासरी ८,९४० च्या आसपास.

रात्री दीड ते चार : ए विंगची टाकी ९ सेंटिमीटर उतरली, बी विंगची ३.

खालची टाकी सात तासांत हलली नाही. डिलिव्हरी दोन्हीकडे वरूनच सुटते.

पहाटेचं मीटर : चारला सुरू, पावणेसहाला काटा थांबला. शेजारच्या सोसायटीत तेव्हा पाणी चालू होतं. आदल्या संध्याकाळी सहाला दोन टँकर ओतले होते.

एक शंका. सभेत कोणीतरी म्हणणारच की एवढं कशाला, गच्चीचं पाणी साठवा. त्याला काय सांगू?

वॉल्व्हमन

वा, आता बोलायला काहीतरी हातात आहे.

ए विंग : ९ सेंटिमीटर, १,३५० लिटर अडीच तासांत. तासाला ५४०. बी विंग ४५० लिटर, तासाला १८०. दोन्हीतून झोपेतला खरा वापर म्हणून तासाला चाळीस-चाळीस वजा करा. राहिले ५०० आणि १४०, म्हणजे तासाला ६४०, दिवसाला १५,३०० लिटर. महिन्याचे ४६ टँकर गटारात जातायत. तुमचा टँकर कमी भरतो हे धरून एकूण वापर पुन्हा काढला तर रोजचे ५१,३०० येतात. त्यातून गळती काढा, ३६,००० उरले, माणशी १२०. म्हणजे तुमची माणसं काटकसरीचीच आहेत. सभेत हे आधी सांगा, वातावरण निवळेल.

बी विंगचे १४० म्हणजे आठ-दहा झिरपणारी सीलं. ए विंगचे ५०० नुसत्या सीलांचे नाहीत. तिथे एक-दोन बॉलकॉक पूर्ण उघडे अडकलेत. असा एक कॉक ओव्हरफ्लोच्या नळीतून मिनिटाला चार लिटर सोडतो, तासाला २४०. असे दोन सापडले की ए विंग जवळपास बी विंगच्या खाली येते.

शोधायला डाउन-टेक बंद करत बसू नका, लोकांचं पाणी जाईल. रात्री दोन वाजता इमारतीच्या पायथ्याचे ड्रेनेज चेंबर उघडा, प्रत्येक उभ्या लाइनखाली एक असतो. टॉर्च मारा. दोन वाजता चेंबर कोरडा किंवा स्थिर असला पाहिजे. ज्यात स्वच्छ पाण्याची न थांबणारी बारीक धार येतेय, ती लाइन तुमची. त्या लाइनवरचे अकरा संडास, बस्स. धार पेन्सिलएवढी असेल तर अडकलेला कॉक, दोऱ्याएवढी असेल तर सील. झाकण उचलल्यावर दोन मिनिटं बाजूला उभे राहा, वायू निघून जाऊ दे, आणि चेंबरमध्ये कोणी उतरायचं नाही.

गच्चीवरची_पागोळी

पावसाच्या पाण्याचं मी सांगतो, नाव तेच लावलंय म्हटल्यावर.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या दोन्ही गच्च्या मिळून समजा ८०० चौरस मीटर. पुण्याकडचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला आणि त्यातलं ८० टक्के हाताला लागलं तर ४,४८,००० लिटर. ऐकायला मोठं वाटतं, पण ते अख्ख्या वर्षाचे ४५ टँकर झाले. तेवढं तुमच्याकडे एका महिन्यात गळतंय. शिवाय ते येतं जून ते सप्टेंबर आणि टँकर लागतात एप्रिल-मेमध्ये. साठवायला टाकी बांधली तर पैसे वसूल होणार नाहीत. जुना बोअर असेल तर गाळणीतून त्यात सोडा. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढायचा कॉक ठेवा, गच्चीवर कबुतरांचा राबता असेल तर नक्कीच. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी फक्त भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून जातं. म्हणून खड्ड्यात पाणी तासन्‌तास तुंबून राहिलं तर समजा तो खड्डा दाखवण्यापुरता. नवीन बोअरवाल्यांनाही हेच : शेजारी लागला म्हणून तुम्हाला लागेल असं या दगडात नसतं.

आणि पावणेसहाला थांबलेला काटा. तीच तुमची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, तिला पान्हासुद्धा लागत नाही. त्या दोन टँकरनी टाकीत जागा अडवली आणि तुम्ही २,२०० रुपये देऊन महापालिकेचं पाणी नाकारलंत.

क्लोरीनचा_वास

प्रमाणाचं बोलून झालं, शुद्धतेचं कोणी बोललं नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांनी क्लोरीनच्या बाटल्या आणल्या. आता त्या कुठे आहेत ते बघा.

टँकर उतरताना पाइपाचं तोंड कुठे असतं ते एकदा उभं राहून पाहा. रस्त्यावर, चाकाशेजारच्या चिखलात. तेच तोंड उचलून मॅनहोलमध्ये. त्यासाठी भिंतीला एक हूक मारा, तोंड त्यावर टांगायचं, आणि आधी बादलीभर पाणी बाहेर सोडायचं.

दहा हजार लिटरला ताजी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ६० ग्रॅम, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ ओता. अर्धा तास थांबून मग पंप. पोतं उघडं ठेवलं की ताकद उडते, म्हणून लहान पिशव्या आणा. तपासणी टाकीवर नाही, शेवटच्या मजल्याच्या नळावर करा. क्लोरीन तपासायच्या किटमधले थेंब टाकून ०.२ मिलिग्रॅमचा फिकट पिवळा रंग यायला हवा. रंग आलाच नाही तर वाटेत कुठेतरी घाण क्लोरीन खातेय, बहुतेक टाकीच्या तळाचा गाळ.

टाकी सहा महिन्यांनी धुवा. दोन्ही मॅनहोल आधी उघडून हवा खेळू द्या, आत एकटा माणूस कधीच नाही, वर एक जण दोर धरून.

कारभारी_रहाटणी

चेंबर पाहिले. ए विंगच्या मागच्या बाजूच्या दोन लाइनमध्ये पेन्सिलएवढी धार. पहिल्या लाइनवर चौथ्या मजल्यावर सापडलं, बॉलकॉकच्या दांड्यावर क्षार बसून तो वर येतच नव्हता. दुसऱ्या लाइनवरचे दहा फ्लॅट तपासले, सगळे ठीक. अकरावा आठव्या मजल्यावरचा, मालक परदेशी, फ्लॅट वर्षभर बंद, किल्ली इथे कोणाकडेच नाही. टँकर आता पाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या आत घेतो. पहिल्याच पाळीला मीटरवर ७१,००० पडले.

मिस्त्री_नं_१

बंद फ्लॅटच असणार, माणूस नसला की फ्लश करून झटका बसत नाही, कॉक अडकला तो अडकलाच. किल्लीची वाट बघू नका. डक्टमध्ये डाउन-टेकवरून त्या फ्लॅटला जी शाखा जाते तिच्यावर बॉल व्हॉल्व्ह असतो, तो बंद करा. दांडी गंजली असेल तर जोर लावू नका. सीपीव्हीसीचा (प्लॅस्टिकच्या पाइपाचा) सांधा मोडला तर वरच्या टाकीतलं पाणी डक्टमधून खाली. आधी गच्चीवरचा त्या लाइनचा कॉक बंद, मग फ्लॅटचा. वॉल्व्हच नसेल तर लाइन बंद असतानाच शाखा कापून नवा बसवा, सोल्युशन लावल्यावर दोन तास सुकू द्या, मग पाणी.

मालकाला त्याच दिवशी ईमेल करा, फोटोसह : कोणता वॉल्व्ह, कधी, का बंद केला. वॉल्व्हला फ्लॅट नंबरचा बिल्ला बांधा, कारण पुढच्या दिवाळीला तो माणूस येईल, नळाला पाणी नाही म्हणून खाली येईल, आणि तोपर्यंत तुमच्या कमिटीत कोण असेल कोणास ठाऊक. उघडताना अगदी हळू उघडायला सांगा, बाथरूमचा नळ आधी सोडून. पाइपात हवा कोंडलेली असते, एकदम उघडला की फ्लशच्या टाकीची जोडनळी उडते.